नसांची रसद तुटते तेव्हा

गावात काही घराणी अशी असतात, की त्यांची माणसे लांबून येताना चालीवरूनच ओळखू येतात. आजोबा पाऊल आपटत चालायचे, मुलगा चिखलातून चालल्यासारखा गुडघे वर उचलून चालतो आणि नातवाच्या पायातून दहावीतच चप्पल निसटू लागते. लोक म्हणतात, "त्यांच्यात आहेच ते." कोणी शाप म्हणते, कोणी पितृदोष म्हणते, तर कोणी नव्या सुनेच्या पायगुणावर बोट ठेवते. आणि घरातली मंडळी काय करतात? मुलगी पाहायला पाहुणे आले की तिला आधीच बसवून ठेवतात, म्हणजे तिला चालावे लागत नाही!

मी काही मेंदूविकारतज्ज्ञ नाही, साधा जनरल प्रॅक्टिशनर आहे. परंतु अशी कुटुंबे मुंबई-पुण्याच्या तज्ज्ञांकडे पोचण्याआधी आमच्यासारख्यांच्याच दवाखान्यात येतात. त्यांना दोन प्रश्न पडलेले असतात. "आमच्याच घराण्यात का?" आणि "पायांपासूनच का?" या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आज शास्त्राजवळ बऱ्याच प्रमाणात आहेत. ती समजून घेतली, तर शाप आणि पायगुण यांना जागाच उरत नाही. म्हणून आजचा लेख या विषयावर.

चेतापेशी : शरीरातील सर्वांत लांब पेशी

आपल्या शरीरातील बहुतेक पेशी डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या लहान असतात. चेतापेशीचा मुख्य भागही तसाच, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहून लहान. पण या पेशीला एक शेपटी असते. तिला अक्षतंतू म्हणतात. पायाचा अंगठा हलवणाऱ्या चेतापेशीचा मुख्य भाग पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत असतो आणि तिचा अक्षतंतू कमरेतून, मांडीतून, पोटरीतून थेट पावलापर्यंत जातो. उंच माणसात ही लांबी जवळजवळ एक मीटर भरते.

म्हणजे प्रमाण काय झाले पाहा. पेशीचा मुख्य भाग दहा फुटांच्या खोलीएवढा आहे असे धरले, तर तिचा तंतू सुमारे तीस किलोमीटर लांब होईल. जणू एस.टी.चा डेपो तालुक्याच्या गावी आणि शेवटची वाडी तीस किलोमीटरवर डोंगरात!

आता गंमत अशी, की तंतूला लागणारी बहुतेक प्रथिने या डेपोतच तयार होतात. शेवटच्या वाडीला जे काही लागते, दुरुस्तीचे सामान, ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका, स्नायूला निरोप देणारी रसायने साठवण्याच्या पिशव्या, ते सारे डेपोतून पाठवावे लागते. वाडीत झालेला कचरा आणि तिकडची खबरबात परत डेपोत आणावी लागते. ही ये-जा आयुष्यभर, रात्रंदिवस चालू असते.

माल जातो कसा?

ही वाहतूक खरोखर होते, हे प्रथम स्पष्टपणे दाखवले ते शिकागो विद्यापीठातील पॉल वाइस आणि हेलन हिस्को यांनी, १९४८ साली. त्यांनी प्राण्यांची नस एके ठिकाणी हलकेच आवळून ठेवली. काही आठवड्यांनी पाहिले तर आवळलेल्या जागेच्या वरच्या बाजूला, म्हणजे मज्जारज्जूकडच्या बाजूला, तंतू फुगले होते. पाटाला बांध घातला की वरच्या अंगाला पाणी तुंबते, तसेच हे. बांध सोडल्यावर तुंबलेला माल हळूहळू खाली सरकला, दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने.

पुढे समजले, की या वाहतुकीत जलद गाडी आहे आणि साधी गाडीही आहे. जलद गाडी दिवसाला २० ते ४० सेंटिमीटर जाते. तिने कमरेपासून पावलापर्यंतचा प्रवास तीन ते पाच दिवसांत होतो. साधी गाडी मात्र दिवसाला एखाद-दुसरा मिलिमीटर ते फार तर आठ मिलिमीटर सरकते. तंतूचा सांगाडा बनवणारी प्रथिने याच गाडीने जातात. दिवसाला एक मिलिमीटर धरला, तर त्यांना पावलापर्यंत पोचायला जवळजवळ तीन वर्षे लागतात! आज तुमच्या पायाच्या टोकाशी असलेले काही सामान मागच्या निवडणुकीच्या सुमारास डेपोतून निघालेले असू शकते.

हा माल ओढणारे इंजिन कोणते, याचा शोध १९८५ साली अमेरिकेतील वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत लागला. रोनाल्ड व्हेल, थॉमस रीस आणि मायकेल शीट्झ यांनी त्यासाठी स्क्विड हा सागरी प्राणी वापरला. आपल्या कोकणच्या बाजारात तो माकूल म्हणून मिळतो. त्याचा एक तंतू चांगला अर्धा मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे त्याच्यावर प्रयोग करणे सोपे जाते. त्यातून जे प्रथिन हाती लागले त्याला कायनेसिन हे नाव मिळाले. या क्षेत्रातील कामासाठी व्हेल आणि शीट्झ यांना, जेम्स स्पूडिच यांच्यासह, २०१२ साली लास्कर पुरस्कार देण्यात आला.

तंतूच्या आत सूक्ष्मनलिका नावाचे रूळ असतात. कायनेसिनला दोन पाय असतात. पाठीवर मालाची पिशवी घेऊन हमालाप्रमाणे ते या रुळांवरून पावले टाकते. एक पाऊल आठ नॅनोमीटरचे, म्हणजे एका मिलिमीटरला सव्वा लाख पावले. प्रत्येक पावलाला ऊर्जेचा एक कण खर्च होतो. एकच हमाल शेवटपर्यंत जात नाही. एक गळतो, दुसरा उचलतो, असे पाळीपाळीने चालते. कायनेसिन डेपोतून वाडीकडे जाते. परतीची गाडी वेगळी असते, तिचे नाव डायनीन.

बिघाड कुठे होतो?

एस.टी. बंद पडायची कारणे आपल्याला माहीत आहेत. गाडी नादुरुस्त असते, रस्ता खचलेला असतो, डिझेल नसते, नाहीतर रस्त्याच्या कडेचे संरक्षण वाहून गेलेले असते. चेतापेशीतही असेच चार प्रकारचे बिघाड होतात आणि त्यातले पुष्कळसे जनुकांतील दोषामुळे, म्हणजे जन्मतःच असतात.

पायांची चाल बिघडवणारे घराण्यातले दोन आजार यात प्रमुख आहेत. पहिल्यात पाऊल लुळे पडते, पोटऱ्या बारीक होतात आणि तळपायाची कमान उंच होते. १८८६ साली पॅरिसच्या शार्को आणि मारी यांनी आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या टूथ यांनी त्याचे वर्णन केले. म्हणून त्याचे नाव शार्को-मारी-टूथ. यातील टूथचा दाताशी काही संबंध नाही! साधारण अडीच हजार माणसांत एकाला हा आजार असतो, म्हणजे तो वाटतो तितका दुर्मीळ नाही. दुसऱ्या आजारात पाय लुळे पडत नाहीत, उलट ताठ होतात. चालताना गुडघे एकमेकांवर घासतात, पाय कात्रीसारखे पडतात, बुटाचे टोक जमिनीला घासते. त्याला आनुवंशिक ताठर पक्षाघात म्हणता येईल. यात दोष मेंदूकडून मज्जारज्जूत खाली येणाऱ्या लांब तंतूंमध्ये असतो.

आता बिघाड पाहा. ताठर पायांच्या काही कुटुंबांत कायनेसिनच्याच जनुकात दोष आहे असे २००२ साली आढळले. म्हणजे गाडीच नादुरुस्त. याच आजाराचा सर्वांत अधिक आढळणारा प्रकार ज्या जनुकामुळे होतो ते १९९९ साली सापडले. त्यापासून बनणारे स्पास्टिन हे प्रथिन सूक्ष्मनलिका कापून त्यांची डागडुजी करते. ते बिघडले की रूळच धड राहत नाहीत. शार्को-मारी-टूथच्या एका प्रकारात मायटोफ्यूसिन-२ या प्रथिनाचे जनुक बिघडलेले असते, हे २००४ साली समजले. या बिघाडाने तंतुकणिका नीट जोडल्या जात नाहीत आणि तंतूतून नीट सरकतही नाहीत. म्हणजे डिझेल टोकापर्यंत पोचत नाही. आणि शार्को-मारी-टूथच्या सर्वांत मोठ्या गटात तंतूवरचे वेष्टण खराब होते. सतराव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा एक प्रत जास्त झाल्याने असे होते, हे १९९१ साली कळले. वेष्टण गेले, की आतला तंतूही कालांतराने टोकाकडून झिजू लागतो.

बिघाड कोणताही असो, फळ एकच. रसद तुटते आणि शेवटची वाडी सर्वांत आधी उपाशी राहते. डेपोजवळच्या गावांचे काही काळ भागते, कारण त्यांना रडतखडत का होईना माल मिळतो. शरीरात सर्वांत लांबची वाडी म्हणजे पाऊल. म्हणून आजार पायांपासून सुरू होतो. हातापर्यंतचा तंतू त्याहून आखूड, म्हणून शार्को-मारी-टूथमध्ये हाताची बोटे बऱ्याच वर्षांनी बारीक होतात. तेव्हा शर्टाची बटणे लावणे आणि कुलपाची किल्ली फिरवणे अवघड जाते. "पायांपासूनच का?" या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. त्यात शाप कुठेच नाही. लांबी आहे.

याचा एक पुरावा आपल्या अंगणातच आहे. सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टीन हे रक्ताच्या कर्करोगावरचे उत्तम औषध बनते. ते सूक्ष्मनलिका बनू देत नाही, म्हणून कर्करोगाच्या पेशी वाढत नाहीत. परंतु त्याचा एक दुष्परिणाम ठरलेला आहे. हातापायांची टोके बधिर होतात, पाऊल पडू लागते. म्हणजे रूळ उखडले की टोकाची वाडी सुटते, हे धडधाकट नसांतही दिसते. ज्यांच्या घरात शार्को-मारी-टूथ आहे, त्यांना हे औषध दिले तर पाय एकाएकी अतिशय लुळे पडू शकतात. म्हणून अशा घरातल्या कोणाला कर्करोगाचे उपचार घ्यायची वेळ आली, तर डॉक्टरांना घराण्याची हकीकत आधी सांगावी. आणि मधुमेहासाठी सदाफुलीची पाने चावण्याची जी पद्धत आहे, ती कोणीच पाळू नये.

"घराण्यातच आहे" म्हणून सोडून देऊ नका

माझ्याकडे येणाऱ्या एका घरात चौदा वर्षांचा मुलगा वारंवार पाय मुरगळून पडत असे. आजीचे म्हणणे, सून आली तेव्हापासून घराला हे लागले. मी मुलाला तपासले. पोटऱ्या बारीक, कमान उंच, गुडघ्याखाली हातोडी मारली तर पाय उडत नव्हता. मग सोबत आलेल्या वडिलांना मोजे काढायला सांगितले. तीच कमान, तीच वाकडी बोटे. पंधरा वर्षे ते "बूट चावतो" म्हणून नवे-नवे बूट घेत होते! वारसा बापाकडून आला होता आणि बोलणी आई खात होती. शहरात नसांची विद्युत तपासणी झाली, आजाराचे नाव निघाले, आणि त्या माउलीवरचा आरोप गेला. औषधाच्या एका गोळीशिवाय झालेला हा उपचार मी लहान मानत नाही.

दुसरी हकीकत याच्या उलट आहे. पन्नाशीच्या एका शेतकऱ्याचे पाय ताठ होऊन मुंग्या येऊ लागल्या. थोरला भाऊ वर्षानुवर्षे तसाच चालत असल्याने, "आता माझी पाळी," असे म्हणून हा गृहस्थ आठ महिने घरीच बसला. तपासले तर त्याच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व फार कमी होते. इंजेक्शने सुरू केल्यावर तो काठी टाकून शेतात जाऊ लागला. आणखी उशीर झाला असता तर ही सुधारणा झाली नसती, कारण ब-१२च्या अभावाने मज्जारज्जूला झालेली इजा जुनी झाली की भरून येत नाही.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे, की घराण्यात आजार असला तरी प्रत्येक नव्या रुग्णाची नव्याने तपासणी झालीच पाहिजे. पाय लुळे किंवा ताठ पडण्याची, पण उपचार असलेली कारणे आपल्याकडे भरपूर आहेत. शुद्ध शाकाहारी घरांत ब-१२ची कमतरता, मधुमेह, दारू, मणक्याचा क्षयरोग, मणक्यातील गादीचा दाब, ही त्यांतील काही. कुष्ठरोगातही पाऊल पडते. अंगावर बधिर चट्टा असेल तर लाजू नका. त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि आजार पूर्ण बरा होतो. विदर्भात टंचाईच्या काळात महिनोन्महिने लाखोळी डाळ हेच मुख्य अन्न झाले, तर एकाच घरातल्या अनेकांचे पाय ताठ होतात. दिसायला तो वारसा वाटतो, पण ते ताटातले विष असते.

आणि पोलिओ? देशातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. म्हणून आज एखाद्या शाळकरी मुलाचे दोन्ही पाय हळूहळू बारीक होत असतील, तर "पोलिओ असेल" म्हणून गप्प बसू नका. पोलिओ अचानक येतो आणि सहसा एका पायाला जास्त धरतो. वर्षागणिक वाढत जाणारा, दोन्ही पायांना सारखा धरणारा आजार वेगळा असतो.

वारसा कसा येतो?

प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून मिळते. काही प्रकारांत एकच बिघडलेली प्रत आजाराला पुरते. मग आई किंवा वडिलांपैकी एकाला आजार असेल, तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो की मुलगी, फरक नाही. पहिल्याला झाला म्हणून दुसरे सुटेल असेही नाही. दरवेळी नाणे नव्याने उडते. काही प्रकारांत दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात. तेव्हा आईवडील धडधाकट असतात आणि प्रत्येक अपत्याला पाव शक्यता असते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल जिथे आहे, तिथे हे जास्त घडते, कारण एकाच आजी-आजोबांची बिघडलेली प्रत दोन्हीकडून येऊ शकते. आणखी काही प्रकारांत दोष आईकडून मिळणाऱ्या क्ष गुणसूत्रावर असतो आणि मुलांमध्ये तो तीव्र दिसतो. यात आईचा गुन्हा नाही. जनुके कोणी निवडून देत नसतो.

शार्को-मारी-टूथला शंभराहून अधिक आणि ताठर पक्षाघाताला ऐंशीहून अधिक जनुके कारणीभूत आढळली आहेत. रक्ताच्या नमुन्यावरून ही तपासणी मोठ्या शहरांत होते. ती करण्याआधी तज्ज्ञांकडून आनुवंशिक समुपदेशन घ्यावे. काहीही लक्षण नसलेल्या लहान मुलांची तपासणी केवळ उत्सुकतेपोटी करू नये. तो निर्णय त्याने मोठे झाल्यावर स्वतः घ्यावा.

उपचार काय?

खरे सांगायचे तर तुटलेली रसद पूर्ववत करणारे औषध या आजारांसाठी आज बाजारात नाही. "नसा मोकळ्या करतो" म्हणून हजारो रुपये घेणाऱ्यांपासून सावध राहा. पण औषध नाही म्हणजे उपाय नाही, असे मुळीच नाही.

घोट्याचे स्नायू आणि टाच आखडू नये म्हणून रोज ताणाचे व्यायाम करावेत. पोहणे आणि सायकल चालवणे चांगले, मात्र थकून पडेपर्यंत नको. पाऊल पडत असेल तर घोट्याला आधार देणारी हलकी पट्टी बुटात घालता येते. ती घातल्यावर पडणे आणि मुरगळणे खूपच कमी होते. मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत अशी साधने मापाने बनवली जातात. पाय ताठ असतील तर बॅक्लोफेनसारख्या गोळ्यांनी सैल पडतात. या गोळ्या स्वतःहून एकदम बंद करणे धोक्याचे आहे. कमान फार वाकडी झाली तर अस्थिरोगतज्ज्ञ शस्त्रक्रिया करून पाऊल सपाट टेकेल असे करू शकतात.

पाय बधिर असतील तर अनवाणी चालू नका. रात्री झोपण्यापूर्वी तळवे पाहा. काटा रुतलेला कळत नाही आणि जखम चिघळते. वजन आटोक्यात ठेवा. दारू पूर्ण सोडा, कारण आधीच रडतखडत चालणाऱ्या वाहतुकीवर तो आणखी एक घाला आहे. अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल, तर २०१६ च्या कायद्यानुसार दिव्यांग प्रमाणपत्र आणि त्याच्या सवलती मिळतात. त्यात कमीपणा मानू नका.

शार्को-मारी-टूथ असणारी बहुतेक माणसे पूर्ण आयुष्य जगतात, नोकरी-धंदा करतात, संसार करतात. एकाच घरात एकाला काठी लागते आणि दुसऱ्याला आजार असल्याचे कळतही नाही. म्हणून आजोबांचे झाले तसेच माझे होणार, असे गृहीत धरून शिक्षण किंवा लग्न सोडून देऊ नये. मात्र लग्न ठरवताना लपवाछपवीही नको. नाव असलेला, कारण माहीत असलेला आजार समजावून सांगता येतो. लपवलेला आजार संसार मोडतो.

तुमच्या घराण्यात असे काही असेल तर डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टी न्या. एक, तीन पिढ्यांतील माणसांची यादी, कोणाला कितव्या वर्षी काय झाले ते लिहून. दोन, रोज वापरलेली जुनी चप्पल किंवा बूट. ती कोणत्या बाजूने झिजली आहे, यावरून डॉक्टरला पुष्कळ समजते. आणि तीन, जमल्यास घरातील वडीलधाऱ्या आत्याबाईंना सोबत न्या. कोणाची चाल कशी होती, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.